छोटं इंजिन, दोन पुली, एक पट्टा: गो-कार्टच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या चटपटीत गोष्टी

हौसेनं गो-कार्ट बांधणाऱ्यांची अमेरिकेत मोठी जमात आहे. गॅरेजमध्ये पाइप वेल्ड करायचे, जुनं सीट बसवायचं, दोनशे सीसीच्या आसपासचं इंजिन मागे चढवायचं आणि परसातल्या मातीवर गाडी पळवायची. सपाट जागेवर सगळं झकास चालतं. चढ आला, वाळू आली किंवा शेजारी आणखी एक जण बसला, की इंजिन नुसतं ओरडतं आणि क्लचमधून जळका वास येऊ लागतो. या दुखण्यावर तिथल्या मंडळींचं ठरलेलं औषध म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर: दोन पुली, एक रबरी पट्टा आणि काही स्प्रिंगा. इंजिनाची ताकद त्यानं तसूभरही वाढत नाही, पण आहे ती ताकद चाकापर्यंत हवी तेव्हा, हव्या त्या रूपात पोचते. या छोट्याशा यंत्राबद्दल जेवढं कळत जातं तेवढं त्याचं कौतुक वाढतं. म्हणून थोडा इतिहास, थोडा हिशेब आणि बसवताना हमखास उपयोगी पडतील अशा काही गोष्टी.

१. सुरुवात गवत कापणाऱ्या इंजिनापासून

पहिलं गो-कार्ट १९५६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात तयार झालं. ते बांधणारे आर्ट इंगल्स हे कर्टिस क्राफ्ट या नावाजलेल्या कारखान्यात रेसच्या गाड्या घडवणारे कारागीर. त्यांचे मित्र लू बोरेली यांनी इंजिनाची बाजू सांभाळली. इंजिन होतं वेस्ट बेंड कंपनीचं, गवत कापायच्या यंत्रातलं, अवघ्या अडीच हॉर्सपॉवरचं. पॅसाडेनातल्या रोझ बोल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये ही बुटकी गाडी फिरू लागली आणि बघ्यांनी तशीच गाडी बांधायचं मनावर घेतलं. म्हणजे ‘इंजिन लहान, ओझं मोठं’ ही अडचण या खेळाच्या जन्मापासूनची आहे.

२. यात तेलाचा थेंबही नसतो

ऑटोमॅटिक मोटारीतला टॉर्क कन्व्हर्टर तेलावर चालतो. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल भिरकावतो आणि त्या तेलाच्या झोतानं समोरचा पंखा फिरतो. ही कल्पना जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांची. त्यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. गो-कार्टवाल्यांचा टॉर्क कन्व्हर्टर मात्र वेगळ्या घराण्यातला. तो पट्ट्यावर चालतो आणि त्यात गिअर नसतात. सर्वांत जोरदार प्रमाणापासून सर्वांत वेगवान प्रमाणापर्यंत तो मधे न थांबता सरकत जातो. मोटारींच्या दुनियेत याच तत्त्वाला सीव्हीटी म्हणतात. काम मात्र दोघांचं एकच: इंजिनाचा वेग थोडा खर्च करून त्या बदल्यात जोर मिळवणं.

३. हिशेब बघा, मग विश्वास बसेल

होंडाचं जीएक्स २०० हे १९६ सीसीचं इंजिन घेऊ. त्याचा जास्तीत जास्त टॉर्क १२.४ न्यूटन-मीटर. समजा चेनचं प्रमाण ६ ला १ आहे, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटला १० दाते आणि ॲक्सलच्या स्प्रॉकेटला ६०. चाक १३ इंची, म्हणजे ३३ सेंटिमीटर व्यासाचं. साध्या क्लचवर चाकाशी मिळणारी ओढ साधारण ४६ किलोच्या वजनाएवढी. टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीला ती २.७ पट करतो आणि ओढ जाते १२४ किलोंवर. घर्षणात जाणारी घट यात धरलेली नाही, पण फरक लक्षात यावा.

आता गाडी आणि चालक मिळून १८० किलो धरा आणि समोर असा चढ आहे की तीन मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर जाते. तो चढण्यासाठी निदान ६० किलोंची ओढ लागते. क्लचवाली गाडी तिथे दम टाकते. कन्व्हर्टरवाली वर जाते. इंजिन दोन्हीकडे तेच, पेट्रोलही तेच.

४. फेरे तेवढेच, वेग तिप्पट

हेच इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांवर फिरतंय असं धरा. कन्व्हर्टर सर्वांत खालच्या प्रमाणात असताना गाडीचा वेग भरतो ताशी १४ किलोमीटरच्या जवळपास. इंजिनाचे फेरे तेच ठेवून कन्व्हर्टर सर्वांत वरच्या प्रमाणात गेला, म्हणजे ०.९ ला १, की वेग होतो ताशी ४१ किलोमीटर. या टोकाला मागची पुली इंजिनापेक्षाही थोडी जास्त जोरात फिरत असते. साध्या क्लचवर, तेवढ्याच फेऱ्यांना, हीच गाडी ताशी ३७ किलोमीटर जाईल. म्हणजे चढावरचा जोर कमावताना सपाटीवरचा वेग गमवावा लागत नाही, उलट थोडा वाढतो.

५. फेरे दुप्पट, दाब चौपट

इंजिनाच्या शाफ्टवर बसते ती पुढची पुली. ती दोन तबकड्यांची असते. एक तबकडी पक्की आणि दुसरी पुढेमागे सरकणारी. सरकणाऱ्या तबकडीत छोटी वजनं असतात. इंजिन फिरू लागलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि तबकडीला आत ढकलतात. दोन्ही तबकड्या जवळ आल्या की मधला पट्टा चिमटीत सापडून वर वर चढतो, म्हणजे पुली जणू मोठी होत जाते. बाहेर फेकणारा हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १,८०० फेऱ्यांवर जेवढा दाब, त्याच्या चौपट दाब ३,६०० फेऱ्यांवर. त्यामुळे चालकानं काहीही न करता गाडी आपोआप वरच्या प्रमाणात जाते. ना क्लचचा दांडा, ना गिअरची कांडी.

६. मागच्या पुलीला ओझं कळतं

पट्ट्याची लांबी ठरलेली. पुढची पुली फुगली की मागची आपसूक आकसते. पण मागच्या पुलीची खरी करामत तिच्या पोटात आहे. तिथे एक स्प्रिंग असते आणि तिरक्या चढणीचा एक कॅम. गाडीवर लोड आला, म्हणजे चढ लागला किंवा चाक मातीत रुतलं, की हा कॅम पिळला जातो आणि मागच्या दोन्ही तबकड्या पट्ट्याला घट्ट आवळतात. पट्टा मागे वर चढतो, पुढे खाली उतरतो आणि गाडी खालच्या प्रमाणात येते. पुढची पुली इंजिनाचा वेग ओळखते, मागची रस्त्याचं ओझं ओळखते. एका तारेशिवाय, एका सेन्सरशिवाय दोघींचा सतत संवाद चालू असतो. यांत्रिक कल्पकतेचा याहून सुंदर नमुना एवढ्या स्वस्तात बघायला मिळणं कठीण.

७. पट्टा एका बाजूनं सरळ, दुसऱ्या बाजूनं तिरका

पिठाच्या गिरणीचा किंवा पंपाचा व्ही-बेल्ट दोन्ही बाजूंनी तिरका असतो. गो-कार्टवर सर्वाधिक दिसणारा कॉमेट कंपनीच्या ३० सीरिजच्या धर्तीचा संच मात्र वेगळा पट्टा मागतो. त्याची एक कड सरळ आणि दुसरी तिरकी. कारण पक्की तबकडी सपाट असते आणि सरकणारी तिरकी. पट्ट्याची सरळ कड इंजिनाच्या बाजूला हवी. पट्टा उलटा बसवला तरी गाडी थोडी चालते, म्हणूनच ही चूक लवकर ध्यानात येत नाही. पण पट्टा तबकडीला नीट टेकत नाही, गरम होतो, कडा झिजतात आणि लवकरच धागे सुटतात. बाजारातला दिसायला सारखा दुसरा पट्टा टाकून भागवू नका. पट्ट्यावरचा क्रमांक बघूनच घ्या.

८. १९.०५ की २०? खरेदीआधी व्हर्नियर लावा

संच मागवण्याआधी इंजिनाच्या शाफ्टचं माप घ्या. अमेरिकी संच पाऊण इंची शाफ्टसाठी येतो, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. होंडाचं जीएक्स २०० हे इंजिन पाऊण इंची शाफ्टचंही मिळतं आणि २० मिलिमीटरच्या शाफ्टचंही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. फरक एका मिलिमीटरहूनही कमी, पण पाऊण इंची पुली २० मिलिमीटरच्या शाफ्टवर चढणारच नाही. हातोडीनं ठोकून बसवायचा मोह झाला तर आवरा, कारण त्या ठोक्यांनी शाफ्टवर आणि इंजिनाच्या आतल्या बेअरिंगवर मार बसतो. शाफ्टवरची चावी तीन-षोडशांश इंची, म्हणजे ४.७६ मिलिमीटर असते. पाच मिलिमीटरची चावी घासून बसवता येते, पण ती सैल राहिली तर खाच खराब होते. व्हर्नियर हातात घेतला की हा सगळा पुढचा त्रास टळतो.

९. बसवायचा क्रम

काम सुरू करण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. मग इंजिनाच्या शाफ्टच्या बाजूला जी चार आट्यांची भोकं असतात, तिथे मधली प्लेट बोल्टनं घट्ट बसवा. या प्लेटलाच दुसरा छोटा शाफ्ट आणि त्याची बेअरिंग असते, त्यामुळे दोन पुलींमधलं अंतर कारखान्यातच ठरून आलेलं असतं. ही फार मोठी सोय आहे. पट्टा ताणायला स्वतंत्र व्यवस्था करावी लागत नाही.

त्यानंतर इंजिनाच्या शाफ्टवर चावी, स्पेसर आणि पुढच्या पुलीची पक्की तबकडी. मग पट्टा, मागची पुली आणि शेवटी पुढची सरकणारी तबकडी. टोकाला वायसर लावून बोल्ट आवळा. आवळल्यावर पुली हातानं फिरवून बघा. कुठेही घासता कामा नये, पट्टा दोन्ही पुलींत सरळ दिसला पाहिजे. इंजिन बंद असताना पट्टा पुढे बुशवर सैल टेकलेला असतो. तो सैलपणा दोष समजू नका. गाडी जागेवर उभी राहू शकते ती त्याच्याच जोरावर.

१०. चेन एका रेषेत हवी

मधल्या प्लेटच्या इंजिनाकडच्या बाजूला छोटं स्प्रॉकेट असतं. तिथून चेन ॲक्सलकडे जाते. साधा क्लच काढून कन्व्हर्टर बसवला की स्प्रॉकेटची जागा बदलते, आधी एका रेषेत असलेली चेन तिरकी होते आणि उतरू लागते. लांब सरळ पट्टी दोन्ही स्प्रॉकेटना टेकवून बघा. पट्टी दोन्हीकडे सपाट टेकली पाहिजे. गरज पडली तर इंजिनच थोडं सरकवा. चेन मधोमध बोटानं दाबल्यावर साधारण अर्धा इंच खालीवर व्हावी.

चेनच्या मापाचाही घोळ होतो. ४१, ४२० आणि मोटरसायकलची ४२८ या चेनचा पिच सारखाच, १२.७ मिलिमीटर. पण ४२८ जास्त रुंद असते. चेन बसली म्हणून जुळली असं होत नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकाच क्रमांकाची घ्या.

११. इंजिनाचा स्लो फार महत्त्वाचा

जीएक्स २०० चा स्लो मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवायचा असतो. पुढची पुली साधारण दोन हजारांच्या घरात पट्टा पकडू लागते. स्लो वाढवून ठेवला तर पुली पट्ट्याला अर्धवट धरून राहते. गाडी ब्रेकवर उभी असतानाही पुढे ओढ घेते आणि पट्टा एकाच जागी घासत जातो. नवीन कन्व्हर्टर बसवल्यावर ‘गाडी आपोआप पळते’ ही तक्रार आली, तर आधी कार्ब्युरेटरचा स्लोचा स्क्रू बघा. स्प्रिंग बदलायचा विचार त्यानंतर.

१२. ग्रीसचा डबा लांब ठेवा

आपल्याकडे फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की त्यावर तेल सोडायची सवय असते. इथे ती सवय घात करते. पट्टा घर्षणावर चालतो. तबकडीवर तेल किंवा ग्रीस लागलं की पट्टा घसरतो, गरम होतो आणि चकाकी येऊन कडक पडतो. वजनांच्या घसरगुंडीवर ग्रीस लावलं तर त्यात धूळ चिकटते आणि तबकडी मधेच अडकते. तबकड्या कोरड्या फडक्यानं पुसा. तेलकट झाल्या असतील तर ब्रेक क्लीनरनं साफ करा. आतल्या बुशला लागलंच तर कोरडं वंगण लावा, तेही अगदी बेतानं. चेनला मात्र तेल हवंच. ते देताना उडून पट्ट्यावर जाणार नाही एवढं बघा.

१३. पट्टा जळतो तो चालकाच्या पायामुळे

ब्रेक दाबून धरायचा आणि इंजिन रेस करायचं, मग एकदम ब्रेक सोडून सुसाट निघायचं, हा प्रकार पडद्यावर छान दिसतो. कन्व्हर्टरवर तो काही सेकंदांत पट्टा जाळतो. पुढची पुली फिरते, मागची थांबलेली असते आणि पट्ट्याचा तेवढाच भाग घासला जाऊन तिथे खड्डा पडतो. पुढे दर फेरीला तो खड्डा पुलीवरून जाताना गाडीला धक्का देतो. गाडी निघताना सतत थरथरत असेल तर पट्टा काढून बोटानं चाचपून बघा. एखाद्या जागी तो बारीक झालेला सापडेल. चिखलात रुतलेली गाडी थ्रॉटल देऊन काढण्यापेक्षा उतरून ढकलणं कधीही स्वस्त.

१४. स्कूटरच्या पोटातलं भावंड

मराठी वाचकाला हे यंत्र अगदी परकं नाही. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक समूहानं जपानच्या होंडाबरोबर १९८० च्या दशकात कायनेटिक होंडा आणली आणि बिनगिअरची, बटण दाबून सुरू होणारी स्कूटर घरोघरी पोचली. गिअरच्या स्कूटरला बिचकणाऱ्या कितीतरी बायका आणि ज्येष्ठ मंडळी त्या गाडीनं रस्त्यावर आणली. तिच्यात आणि आजच्या जवळपास प्रत्येक बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटरमध्ये हेच तत्त्व आहे.

फरक थोडा आहे. स्कूटरच्या पुढच्या व्हेरिएटरमध्ये गोल रोलर असतात, पट्टा कायम ताणलेला असतो आणि क्लच वेगळा, मागे असतो. गो-कार्टच्या संचात पुढची पुलीच क्लचचंही काम करते. मेकॅनिक ‘पिकअप गेलंय, रोलर आणि पट्टा बदलावा लागेल’ असं सांगतो, तेव्हा तो याच यंत्राबद्दल बोलत असतो.

१५. ही कल्पना स्कूटरवर आली ती १९३० च्या दशकात

कॅलिफोर्नियातले फॉस्टर साल्सबरी यांनी १९३६ च्या सुमारास ‘मोटर ग्लाइड’ ही स्कूटर बाजारात आणली. त्याच दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी तिला आपोआप प्रमाण बदलणारी पट्ट्याची व्यवस्था बसवली. इटलीतल्या व्हेस्पाचा जन्म १९४६ चा, म्हणजे त्यानंतरचा. पुढे बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइललाही हीच पट्ट्याची चाल मानवली. जाड हातमोजे घालून उणे तापमानात गिअर बदलत बसणं कोणाला परवडणार? आजही बहुतेक स्नोमोबाइल याच तत्त्वावर चालतात. त्यांची इंजिनं गो-कार्टच्या कितीतरी पट ताकदवान असतात, तरी पुली आणि पट्टा तोच न्याय पाळतात.

१६. उलटी धावणारी डच मोटार आणि मुंबईचा मुक्काम

हुब फान डोर्न या डच उद्योजकाच्या डाफ कंपनीनं १९५८ च्या ॲमस्टरडॅम प्रदर्शनात डाफ ६०० ही मोटार दाखवली. ५९० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आणि रबरी पट्ट्यांवर चालणारं ‘व्हॅरिओमॅटिक’. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतःचा पट्टा. पुढे-मागेची दिशा पट्ट्यांच्या आधीच ठरत असल्यानं ही गाडी उलटीही तेवढ्याच वेगानं जाऊ शकत असे. नेदरलँड्समध्ये पुढे या गाड्यांच्या उलट्या धावण्याच्या शर्यतीही गाजल्या.

रबरी पट्टे टिकतील का, अशी शंका घेणाऱ्यांना उत्तर मिळालं १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये. ही शर्यत लंडनहून युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत मुंबईला पोचली आणि इथून गाड्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यात पट्ट्यांवर चालणारी डाफ ५५ ही होती आणि तिनं शर्यत शेवटपर्यंत पूर्ण केली.

१७. फॉर्म्युला वननं घाबरून दार लावलं

१९९३ मध्ये विल्यम्स संघानं आपल्या एफडब्ल्यू १५ सी या गाडीवर सीव्हीटीची चाचणी घेतली. चालक होते डेव्हिड कूल्टहार्ड. इंजिन सतत आपल्या सर्वांत ताकदवान फेऱ्यांवर राही आणि गाडीचा वेग तेवढा बदलत जाई. आवाज मात्र एकसुरी, चढउतार नसलेला. १९९४ च्या नियमांनी अशा गिअरबॉक्सवर बंदी घातली आणि सीव्हीटी बसवलेली ती गाडी एकाही शर्यतीत उतरली नाही. त्या गाडीतला पट्टा धातूचा आणि इंजिन शेकडो हॉर्सपॉवरचं होतं. परसातल्या गो-कार्टचं पाच-सहा हॉर्सपॉवरचं इंजिन मात्र याच तत्त्वाचा फायदा आजही बिनधास्त घेतं.

१८. पिथमपूरच्या मातीतली परीक्षा

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः ऑफ-रोड गाडी बांधायची आणि शर्यतीत उतरवायची, अशी बाहा ही स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली. तिची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला रंगली. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांचे संघ तिथे हिरिरीनं उतरतात. बरीच वर्षं सगळ्यांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं तेच दहा हॉर्सपॉवरचं इंजिन वापरावं लागलं. इंजिन सारखं असलं की फरक पाडायला उरतं वजन, सस्पेन्शन आणि ताकद चाकापर्यंत नेण्याची व्यवस्था. म्हणून बहुतेक संघ सीव्हीटी लावतात आणि तिच्या स्प्रिंगा, वजनं बदलत रात्री जागवतात. चढ चढायची फेरी आणि चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत, दोन्हींचा निकाल बरेचदा या पट्ट्यावर ठरतो.

१९. ट्रॅकवर मात्र हा दिसणार नाही

कोल्हापूरजवळच्या मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. तिथल्या रोटॅक्स मॅक्स १२५ सीसी इंजिनांच्या कार्टवर शोधूनही टॉर्क कन्व्हर्टर सापडणार नाही. ही इंजिनं खूप जास्त फेऱ्यांवर फिरतात, गाडी हलकी असते, ट्रॅक गुळगुळीत असतो आणि एकदा सुटल्यावर थांबायचं नसतं. तिथे साधा सेंट्रिफ्युगल क्लच पुरतो. पट्ट्यात जाणारी ताकदही वाचते आणि वजनही. जिथे सतत थांबून पुन्हा निघायचं आहे, चढायचं आहे, ओढायचं आहे, तिथेच कन्व्हर्टरची खरी गरज.

मग लावावा का?

सरळ उत्तर असं: गाडी एकट्यासाठी आहे, चाकं लहान आहेत आणि जागा सपाट, डांबरी आहे, तर चांगल्या क्लचवर भागतं. पैसेही वाचतात. पण माती, चढ, मोठी चाकं किंवा दोन माणसांची बैठक यांपैकी एकही गोष्ट असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरवर केलेला खर्च पहिल्याच चढाला वसूल होतो. इंजिन मोठं करण्याआधी हा विचार जरूर करा. मोठ्या इंजिनाबरोबर वजन येतं, वेग येतो आणि त्या वेगाला पुरे पडेल असा ब्रेकही लागतो.

शेवटची विनंती मनापासून. संचाबरोबर येणारं प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं झाकण काढून ठेवू नका. फिरता पट्टा ओढणी, मोकळे केस, बुटाची नाडी, मुलाचं बोट काहीही क्षणात आत खेचतो आणि इंजिन बंद करायलाही वेळ मिळत नाही. चेनवरही आवरण हवं. हेल्मेट घाला, केस बांधा, ब्रेक आधी तपासा आणि पट्ट्याला हात लावण्यापूर्वी दरवेळी स्पार्क प्लगची टोपी काढा. गाडी मुलांसाठी बांधत असाल, तर पहिलं झाकण बसवा आणि इंजिन त्यानंतरच सुरू करा.